दांडा नसलेली भक्कम सायकल शहरात चालवायला कशी वाटते?

प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडच्या एका ताईंना, वय पंचावन्नच्या आसपास, कॉलेजनंतर पहिल्यांदाच सायकल घ्यायची आहे. मंडई, वाचनालय, बँक आणि बहिणीचं घर एवढाच वापर. दुकानात मधला दांडा नसलेली, टोपली-कॅरिअरवाली दणकट सायकल आवडली, पण उचलून बघितली तर फार जड लागली. शेजारचा मुलगा म्हणतो, "काकू, गिअरवाली हलकी घ्या." मिस्टर म्हणतात, लेडीज सायकल मी चालवणार नाही. अशी सायकल शहरात चालवायला नेमकी कशी वाटते, आणि घ्यावी का?

ताई, मी पुण्यात सायकली विकतो आणि दुरुस्तही करतो. दुकानात आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक सायकल आधी एका हाताने उचलून बघतं. त्यातून एवढंच कळतं की ती जिन्यावरून न्यायला जड जाईल. तुमच्या इमारतीत लिफ्ट नसेल आणि सायकल रोज वर न्यावी लागणार असेल, तर इथेच थांबा, ही सायकल घेऊ नका. पार्किंगमध्ये जागा असेल तर पुढे वाचा.

अशी पोलादी सायकल मडगार्ड, चेनकव्हर, स्टँड, टोपली सगळं धरून १८ ते २० किलोंची असते. तो मुलगा सांगतोय ती हलकी सायकल साधारण १३ किलोंची. सहा किलोंचा फरक हाताला खूप वाटतो, पण रस्त्यावर तुम्ही स्वतः सायकलवर असता. तुमच्यासकट एकूण वजनात तो आठ-नऊ टक्क्यांवर येतो. सपाट रस्त्यावर एका वेगाने जाताना तो जवळपास जाणवत नाही. जाणवतो तो सिग्नल सुटल्यावर पहिल्या तीन-चार पेडलांना आणि चढावर. म्हणजे ही सायकल निघायला आळशी. एकदा निघाली की मात्र तिची एक लय लागते, बारीकसारीक खड्डे आणि खडी तिला सहज विचलित करत नाहीत आणि हँडल हातात शांत राहतं.

पण वजनाच्या चर्चेत खरी गोष्ट बाजूला पडते. मंडईपर्यंत जायचं म्हणजे किती वेळा थांबणार ते मोजा. सिग्नल, झेब्रा क्रॉसिंगवर अचानक आलेलं माणूस, स्टॉपवर आडवी लागलेली बस, मध्येच "थांब गं" म्हणणारी मैत्रीण, भाजीवाला, दूधवाला, केमिस्ट. शहरात सायकल चालवण्याचा बराचसा भाग म्हणजे थांबणं, उतरणं आणि परत बसणं. दांडा नसलेली सायकल त्यासाठीच घडवलेली असते. चालण्याच्या बाबतीत ती हलक्या सायकलीपेक्षा थोडी कमीच पडते. उतरण्याच्या बाबतीत तिला तोड नाही.

यातला एक फायदा दुकानदारही फारसा सांगत नाहीत. बहुतेक बायका, आणि वयस्क पुरुषसुद्धा, सीट फार खाली करून घेतात. बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले की सुरक्षित वाटतं. मग पेडल मारताना गुडघा नको तितका दुमडलेला राहतो, जोर लागत नाही, आणि महिन्याभरात "सायकलने गुडघे दुखतात" अशी तक्रार सुरू होते. सीटची योग्य उंची अशी: पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. या उंचीवर बसून पाय टेकत नाहीत, फार तर चवडा टेकतो. दांड्याच्या सायकलीवर थांबताना सीटवरून पुढे घसरलं की खाली दांडा असतो, म्हणून लोक घाबरतात. इथे पुढे मोकळी जागा आहे. ब्रेक लावला, सीटवरून पुढे उतरून दोन्ही पायांवर उभं राहिलं, सिग्नल सुटला की परत वर. सीट उंच, गुडघे खूश, आणि थांबलं की दोन्ही पाय जमिनीवर. तुमच्या वयाला ही सायकल मी एवढ्या एका कारणासाठीही सुचवली असती.

निघताना जुनी सवय येईल, डावा पाय पेडलवर, उजव्याने जमीन ढकलत दोन-चार पावलं घसरत जायचं आणि मग बसायचं. ती सोडा. त्यात सायकल एका बाजूला कलते आणि सगळा भार एकाच पेडलवर येतो, गर्दीत तर तोल गेलाच. फ्रेमच्या मधून पाय टाकून दोन्हीकडे पाय ठेवून उभ्या राहा. उजवं पेडल पुढे आणि जरासं वर आणा. त्यावर भार देत उभ्या राहिलात की सायकल पुढे निघते आणि तुम्ही आपोआप सीटच्या उंचीला येता. मागे वळून बघा आणि मगच निघा. रिकाम्या मैदानात दोन-तीन सकाळी केलंत की बसेल.

मागच्या कॅरिअरवर पिशवी बांधलेली असताना तर हे फारच सोयीचं. दांड्याच्या सायकलीवर पाय मागून फिरवून टाकावा लागतो, आणि कॅरिअरवर उंच बोचकं असेल तर तो अडकतो. उघडी फ्रेम १८८०च्या दशकाच्या अखेरीला निघाली ती लांब झग्यांसाठी, हे खरं. पण ती टिकली ती सामानामुळे आणि सततच्या चढउतारामुळे, असं माझं मत. नेदरलँड्समध्ये आजही अशाच काळ्या, जड, सरळ बसायच्या सायकली रस्तोरस्ती दिसतात. जपानमध्ये मुलं आणि भाजी घेऊन फिरणाऱ्या आयांची सायकल याच घराण्यातली.

आता मिस्टरांचं. पॅरिसने २००७ मध्ये आणि लंडनने २०१० मध्ये भाड्याच्या सार्वजनिक सायकली सुरू केल्या, त्या सगळ्या दांडा नसलेल्याच. कोटटाय घातलेले पुरुष त्यावर ऑफिसला जातात. उंची-वय-कपडे काहीही असोत, सगळ्यांना चढता येईल अशी फ्रेम हवी असेल तर दुसरा पर्याय नाही. तेव्हा लाजेचा प्रश्न त्यांचा त्यांनी सोडवावा. तांत्रिक प्रश्न वेगळे आहेत. त्यांची उंची पाच-आठच्या वर असेल तर सोबत आलेला सीटचा पाइप आखूड पडेल, लांब पाइप टाकून घ्या, आणि पाइपवरची कमाल उंचीची खूण फ्रेमच्या आतच राहू द्या. दुसरं, चढावर उभं राहून हिसके देत पेडल मारायची सवय असेल तर ती या सायकलीवर चालत नाही.

त्याचं कारण समजून घ्या, कारण सायकल निवडताना तेच उपयोगी पडेल. दांड्याच्या फ्रेममध्ये नळ्यांचा बंद आकार होतो, म्हणून ती पिळली जात नाही. दांडा काढला की पुढचा आणि मागचा भाग खालच्या एक-दोन नळ्यांनीच जोडलेला राहतो. झाकण कापून टाकलेला पुठ्ठ्याचा खोका हातात धरून पिळून बघा, तसंच. हा पीळ रोखायला कंपन्या नळ्या जाड घेतात, आणि तुम्हाला लागलेलं वजन काही अंशी तिथलं आहे. म्हणूनच दांडा नसलेली आणि फार हलकी अशी सायकल कोणी स्वस्तात देत असेल तर मी दोनदा बघतो.

हा पीळ एरवी कळत नाही. कॅरिअरवर दहा-पंधरा किलो चढले की कळतो. वळणावर मागची बाजू जरा उशिरा येते, आणि एखाद्या वेगाला हँडल डुगडुगायला लागतं. घाबरू नका, हँडल आवळून धरू नका, वेग कमी करा, थांबतं. एक हात सोडून ओढणी सारखी करणं मात्र अशा वेळी नको. सामान कुठे ठेवता यावर बरंच अवलंबून आहे. बटाटे-कांदे, पीठ, तेलाचा डबा हे मागे आणि शक्य तितकं खाली, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांत. पुढच्या टोपलीत मेथी, कोथिंबीर, पाकीट, छत्री. टोपली हँडलला बसवलेली असेल तर ती हँडलबरोबर वळते, आणि पाच किलोंच्या पुढे भरली तर सायकल स्वतःच वळायला बघते. स्टँडवर लावतानाही तोच त्रास. हँडल गर्रकन फिरतं आणि सगळी भाजी रस्त्यावर. एका बाजूच्या स्टँडऐवजी मागचं चाक उचलणारा डबल स्टँड घ्या. थोडं वजन वाढेल, वाढू द्या.

बसण्याची पद्धत इथे पूर्ण वेगळी असते. हँडल उंच आणि तुमच्याकडे वळलेलं, पाठ सरळ, मनगटावर भार जवळजवळ नाही. मान मोकळी असल्यामुळे मागे वळून बघणं सोपं जातं, आणि पुण्यात आरशापेक्षा ते जास्त कामाचं आहे. नजर उंचावर असते, बहुतेक हॅचबॅक गाड्यांच्या टपावरून पलीकडचं दिसतं. पुढचा काटाही जुन्या धाटणीच्या सायकलींत जास्त कललेला असतो, जमिनीशी साधारण ६८ अंश, रेसिंगच्या सायकलीत तो ७३च्या आसपास. त्यामुळे ही झटकन वळत नाही, पण चालण्याच्या वेगालाही सरळ राहते. रिक्षाच्या मागे हळूहळू सरकताना या गुणाची किंमत कळते. दोन गाड्यांच्या फटीतून वळणं घेत जायची हौस असेल तर निराशा होईल.

सरळ बसण्याची किंमतही आहे. हातावरचा भार गेला तो सगळा बुडाखाली आला. गतिरोधकाचा दणका थेट कण्यात जातो. म्हणून रुंद, खाली स्प्रिंग असलेली सीट हवी. वरून चढवायची मऊ जेलची कव्हरं मला आवडत नाहीत, अर्ध्या तासात ती दबतात आणि घाम धरतात. गतिरोधक दिसला की दोन्ही पेडल आडवी करून बूड दोन बोटं उचला, तेवढं पुरतं. दुसरी किंमत वाऱ्याची. सरळ पाठ म्हणजे शीडच. नदीवरच्या पुलावर समोरून वारा असला की वेग निम्मा होतो, त्यावर उपाय नाही.

गिअरबद्दल लोक फार लवकर मत देतात. आधी दाते मोजा. अशा सायकलींत पुढे बहुधा ४४ दात्यांचं चाक आणि मागे १८ दात्यांचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरची चेन बसते ती दातेरी चकती, असतं. २६ इंची चाकाला पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५ मीटर जाते. मिनिटाला साठ फेरे, म्हणजे आरामाची लय धरली तर वेग ताशी १८ किलोमीटर. सपाटीवर छान, पण सिग्नलवरून निघताना आणि चढावर जड. तेच फ्रीव्हील २० दात्यांचं केलं तर एका फेऱ्यात साडेचार मीटर आणि वेग ताशी १६, २२चं केलं तर जेमतेम चार मीटर आणि वेग ताशी १५च्या आत. गर्दीत याहून वेगाने जाता येतं कुठे? फ्रीव्हील बदलणं हे अर्ध्या तासाचं आणि कमी खर्चाचं काम आहे, फार तर चेनला एखादा जोड वाढवावा लागतो. नव्या सायकलीवर हे करून मागा. दुकानदार कुरकुर करेल, पण करून देईल.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घ्या. डेक्कनकडून कर्वे रस्त्याने कोथरूडला येताना सगळा रस्ता हळूहळू चढत असतो. स्कूटरवरून ते कधीच कळलेलं नसतं. म्हणजे मंडईला जाताना रिकामी सायकल उताराने आणि येताना भरलेली चढाने. हे उलट असतं तर मी १८चं फ्रीव्हील राहू दे म्हटलं असतं. तुम्हाला २० किंवा २२चं हवं. पौड फाट्याचा उड्डाणपूल घेऊ नका, खालून जा. बहिणीचं घर बावधनला असेल आणि वाटेत चांदणी चौकाचा चढ असेल तर मात्र गिअरच हवेत, तिथे दात्यांच्या हिशेबाने भागणार नाही. आणि कुठेही दम लागला तर खुशाल उतरून चाला. दांडा नसल्यामुळे उतरणं क्षणाचं काम आहे.

गिअर घ्यायचेच ठरलं तर दोन प्रकार. आपल्याकडे सर्रास मिळतो तो मागच्या चाकाला चकत्यांचा गठ्ठा आणि चेन इकडून तिकडे टाकणारा काटा. तो पेडल फिरत असतानाच बदलतो, अचानक थांबावं लागलं की जड गिअरमध्ये अडकून निघावं लागतं. शिवाय पार्किंगमध्ये शेजारची सायकल अंगावर पडली की पहिला तोच वाकतो, आणि पूर्ण बंद चेनकव्हर बसत नाही. दुसरा प्रकार चाकाच्या हबमध्ये बंद असलेल्या तीन गिअरचा. उभ्या उभ्या बदलता येतो आणि चेनकव्हर पूर्ण राहतं. शहरासाठी तोच उत्तम, पण आपल्याकडे कमी मिळतो आणि तो उघडून दुरुस्त करणारे हात त्याहून कमी. म्हणून तुम्हाला माझा सल्ला बिनगिअरची, योग्य फ्रीव्हीलची.

चेनकव्हर पूर्ण बंद घ्या, अर्धं नको. सलवारीची मोहरी, साडीचा काठ आणि पावसाचं पाणी या तिघांनाही ते बाहेर ठेवतं. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी किंवा पत्रा हवाच. ओढणी चाकात जाणं हा गमतीचा विषय नाही, गळ्याला ओढ बसते. जाळी असली तरी ओढणीची गाठ बाजूला बांधा.

ब्रेकबद्दल सावध करतो. चकचकीत क्रोमच्या पोलादी रिमवर रबरी ब्रेक कोरड्यात ठीक लागतो, पावसात जवळजवळ घसरतो. जुलैत अशी सायकल चालवताना चौकाच्या बरंच आधी ब्रेक हलके दाबून रिमवरचं पाणी पुसून घ्यावं लागतं, मग तो धरतो. जड सायकल आणि भरलेलं कॅरिअर असेल तर हे अंतर आणखी वाढतं. ॲल्युमिनियमच्या रिमची सायकल मिळत असेल तर थोडे पैसे जास्त द्या, या एका गोष्टीवर घासाघीस करू नका. दोन्ही ब्रेक एकदम वापरा. पुढचा ब्रेक लावला की माणूस उलटून पडतो ही भीती या सायकलीवर तरी फारशी खरी नाही, तुमचा भार बराच मागे असतो.

आणि हवा. "सायकल जड झालीय" म्हणून दुकानात येणाऱ्यांपैकी निम्म्यांना मी नुसती हवा भरून परत पाठवतो. आपल्या या सायकलींच्या ट्यूबला बहुतेक जुन्या पद्धतीचा, आत रबरी नळी असलेला व्हॉल्व्ह असतो. त्याची हवा हळूहळू उतरत राहते आणि नेहमीच्या मीटरने मोजताही येत नाही. घरी उभा पंप ठेवा, आठवड्यातून एकदा भरा. तुम्ही बसल्यावर मागचं टायर खाली किंचितच पसरलं पाहिजे. कमाल हवा किती ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. टायर बदलताना नुसतं "२६चं द्या" म्हणू नका. या सायकलीचं २६ x १ ३/८ आणि जाड टायरच्या माउंटन सायकलीचं २६ x २.१२५ ही दोन्ही २६ इंचीच म्हणवतात, पण पहिल्याची रिम ५९० मिलिमीटरची आणि दुसऱ्याची ५५९ची. एकाचं टायर दुसऱ्याला कधीही बसणार नाही.

दुकानात नुसत्या सायकलीवर फेरी मारून ठरवू नका. दहा किलो तांदळाची पिशवी कॅरिअरला बांधायला लावा आणि गल्लीत एक चक्कर मारा. हळू जा, आठचा आकडा काढा, दोन-तीनदा थांबून परत निघा. मागची बाजू जास्तच डुलली तर आधी कॅरिअरचे नटबोल्ट बघा, ते घट्ट असूनही डुलत असेल तर फ्रेम नरम आहे, दुसरी कंपनी बघा. घेतल्यावर साधारण महिन्याने परत आणा. नव्या चाकाच्या तारा भार पडल्यावर बसतात आणि सैल होतात, चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्यावा लागतो. पेडलचे दांडे आणि हँडलचा बोल्टही त्याच वेळी आवळून घ्या. पेडलचा दांडा सैल झाला तर दर फेऱ्याला टक असा आवाज येतो. तो आला की महिना व्हायची वाट बघू नका. तशीच चालवली तर दांड्याचं भोक खराब होतं आणि मग आवळूनही उपयोग होत नाही.